सांगशाकच्या छत्र्या

(दृश्य : लोखंडी ट्रंक. झाकण उघडतं. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी.)

आजोबा छत्रीतून, म्हणजे पॅराशूटने, उतरले होते. बर्मात. थेट जपान्यांच्या डोक्यावर.

या घरात ही गोष्ट तीन पिढ्या सांगितली गेली. गणपतीला चाकरमानी गावी आले, आरत्या झाल्या, अंगणात चटया पसरल्या की कुणीतरी हमखास ती काढायचं. दर वर्षी विमान थोडं आणखी उंच जायचं आणि खालचे जपानी थोडे वाढायचे.

सांगणारे आता बहुतेक गेले. नातवाकडे उरलीत दोन पदकं, एक फोटो आणि ही गोष्ट. त्याला एवढंच हवंय : १९४४ साली आजोबा नेमके कुठे होते? घरच्यांनी सांगितलं म्हणून नाव आम्ही झाकलंय. गाव आजच्या सिंधुदुर्गातलं, इतकं पुरे.

(दृश्य : पदकं जवळून.)

सहा टोकांचं आहे ते बर्मा स्टार. फितीच्या मधोमध रुंद लाल पट्टा, दोन्ही अंगांना गडद निळा, आणि त्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ. दुसरं गोल, वॉर मेडल. त्यावर दोन तोंडांच्या ड्रॅगनला पायाखाली घेऊन उभा असलेला सिंह. लोक हा सिंहच बघत बसतात. आपण पदक आडवं धरू आणि कड बघू.

(दृश्य : भिंगाखाली पदकाची कड.)

बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली आहेत. आधी नंबर, मग हुद्दा – सेपॉय, म्हणजे शिपाई – मग नाव आणि शेवटी पलटण. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना कोरी मिळाली, हिंदुस्थानी फौजेच्या पदकांवर मात्र नावं ठोकली गेली. एरवी सगळं आधी साहेबाला. इथे एकदाच उलटं झालं आणि ते आपल्या पथ्यावर पडलं.

पण नंबर मिळाला म्हणजे माणूस मिळाला, असं नाही. त्या काळी नंबर रेजिमेंटपुरते असत. एकाच नंबराचे शिपाई वेगवेगळ्या रेजिमेंटांत सापडतात. म्हणून नंबर आणि रेजिमेंट ही जोडी कधी तोडायची नाही. या कडेवर रेजिमेंट आहे मराठा लाइट इन्फंट्री. बटालियन कुठली, ते मात्र लिहिलेलं नाही.

आणि सगळं अडतं ते इथेच. रेजिमेंट लढत नाही, बटालियन लढते. त्याच मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन जून १९४२मध्ये टोब्रुकला जर्मनांच्या हाती सापडली. तिसरी आफ्रिकेत लढून इटलीत गेली. चौथी मणिपूरच्या डोंगरात होती. टोपीवरचा बिल्ला तिन्हीकडे सारखाच.

बरं, मग छत्रीचं काय?

(दृश्य : नकाशा – दिल्ली, चकलाला, इम्फाळ, रंगून.)

हिंदुस्थानी फौजेची पहिली छत्रीधारी ब्रिगेड, पन्नासावी, १९४१च्या ऑक्टोबरात दिल्लीत उभी राहिली. तीन बटालियन होत्या : १५१ गोऱ्यांची, १५२ हिंदी शिपायांची, १५३ गुरख्यांची. सरावाला विमान मिळालं ते व्हॅलेन्शिया, दुहेरी पंखांचं, जुनाट. पुढच्या वर्षी प्रशिक्षण शाळा रावळपिंडीजवळ चकलाल्याला गेली. १५२चे डॉक्टर ए. जी. रंगराज हे पॅराशूटने उडी घेणारे पहिले हिंदी अधिकारी म्हणून ओळखले जातात. पुढे कोरियाच्या युद्धात ते साठाव्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे प्रमुख होते आणि त्यांना महावीरचक्र मिळालं. अधिकाऱ्याचा माग असा पावलापावलाला सापडतो. त्यांचं स्ट्रेचर उचलणाऱ्याचा शोधून बघा.

या सगळ्यांपैकी महायुद्धात प्रत्यक्ष शत्रूवर छत्रीने उतरलं कोण? बटालियनच्या आकाराची उडी एकच झाली. १ मे १९४५, रंगून नदीच्या मुखाजवळचं एलिफंट पॉइंट. उतरली ती गुरख्यांची मिश्र बटालियन. कोकणातला मराठा शिपाई त्या विमानात असण्याची शक्यता फारच थोडी.

नातवाला हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘म्हणजे आजोबा खोटं बोलायचे?’

घाई नको.

आणखी एक घोटाळा आधी निस्तरू, कारण तो महाराष्ट्रात घरोघरी आहे. ‘आमचे आजोबा टू पॅराचे’ असं पुष्कळ जण सांगतात. टू पॅरा म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, मराठा. डिसेंबर १९७१मध्ये आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला उतरून पूंगली पूल ताब्यात घेणारी तीच. पण तिला हे नाव मिळालं १९५२ साली. महायुद्धात ती तिसरी मराठा होती आणि इटलीत पायी लढत होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ – ते याच बटालियनचे. त्या वेळी तिथे कुणाच्याच पाठीवर छत्री नव्हती. बटालियनचं नाव मागे ओढत नेलं की इतिहास असा बिघडतो. तारीख आधी, नाव नंतर.

(दृश्य : जिल्ह्याच्या गावातलं सरकारी कार्यालय. बाकड्यावर नातू.)

बटालियनचा आकडा शेवटी मिळाला तो ना लंडनला, ना दिल्लीला. मिळाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. महायुद्धात लढलेल्या, पण पेन्शन न बसलेल्या जवानांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मदत देतं. आजीला ती मिळत होती. म्हणजे कधीतरी अर्ज झाला असणार, अर्जाला पुरावा जोडला असणार. फाइलमध्ये डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स होती. झेरॉक्सची झेरॉक्स म्हणा. घडीवरची अक्षरं उडालेली. पण एका कोपऱ्यात दिसतं : चार, तिरकी रेघ, पाच. चौथी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री.

कागद शोधायचे तर जिथे पैशांचा संबंध आला तिथे आधी बघावं. पराक्रमाची नोंद राहील न राहील, मनीऑर्डरची राहते.

(दृश्य : उख्रुलचे डोंगर, धुकं. दूरवर वळणाचा रस्ता.)

मार्च १९४४. जपानी फौज चिंदविन नदी ओलांडून इम्फाळ आणि कोहिमाकडे निघाली होती. वाटेत, उख्रुलच्या डोंगरात, तांगखुल नागांचं एक गाव लागतं, सांगशाक. त्याच्या पूर्वेला शेल्डन्स कॉर्नर नावाच्या जागी चौथी मराठा बसली होती. आणि तिला बदली म्हणून आली कोण? पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड. १५२ आणि १५३. जंगलातल्या लढाईच्या सरावासाठी म्हणून आलेली, आणि आलेली रस्त्याने. विमानातून नव्हे.

१९ मार्चला जपानी ७३७८ नावाच्या टेकडीवर आदळले. फुटांतली उंची हेच तिचं नाव. तिथे १५२ची एकच कंपनी होती. दुसऱ्या दिवशी ती जवळजवळ संपली. बाकीचे सांगशाकला मागे आले, त्यांच्याबरोबर मराठाही. २२ ते २६ मार्च ते सगळे एका चिंचोळ्या डोंगरमाथ्यावर कोंडले गेले.

खाली कातळ होता. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, कातळात कुदळ मारली की काय होतं. खंदक कमरेएवढेही खणता येत नव्हते. काटेरी तार नव्हती. माथ्यावर पाणी नव्हतं. मेलेली खेचरं पुरायला जागा नव्हती, माणसंही नीट पुरता येत नव्हती. माथ्याच्या टोकाला नागांचं चर्च होतं. शेवटच्या दिवशी त्याच्याभोवती हातघाईची लढाई झाली.

आणि वर डकोटा विमानं. पाणी, दारूगोळा, औषधं – सगळं पॅराशूटने टाकत होती. माथा एवढासा, म्हणून बरंचसं पलीकडे जपान्यांच्या हद्दीत पडत होतं. तहानलेल्या माणसाने छत्रीकडे बघत राहायचं : आपल्याकडे येतेय की वाऱ्याने तिकडे चाललीय.

पाच दिवस सांगशाकवर छत्र्या उतरत होत्या. छत्रीधारी ब्रिगेड त्या खालून बघत होती. तिच्या शेजारच्या खड्ड्यात मराठा होते.

(दृश्य : काही क्षण नुसतं आकाश. निवेदन नाही.)

२६ मार्चच्या रात्री हुकूम आला, बाहेर पडा. लहान लहान टोळ्या करून ते अंधारात जंगलात शिरले आणि इम्फाळच्या दिशेने निघाले. चालता न येणाऱ्या काही जखमींना मागे ठेवावं लागलं. ज्या जपानी रेजिमेंटने हा माथा घेतला, अठ्ठावन्नावी, तिचंही कंबरडं मोडलं होतं. तिला कोहिमाला पोचायला उशीर झाला. लढाईत मेलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळचा नकाशा हाती लागला, त्यावरून त्यांचे पुढचे बेत कळले. लढाई संपल्यावर पुष्कळ काळ सांगशाकचं नाव कुणी घेत नव्हतं. पन्नासाव्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर होप-थॉमसन यांना तर पदावरून दूर केलं गेलं. वरिष्ठांनी गाडलेली लढाई घरच्यांना कशी कळणार? घरच्यांना छत्री तेवढी कळली.

(दृश्य : युद्धरोजनिशीचं पान, टंकलिखित. रकान्यांवरून कॅमेरा सावकाश सरकतो.)

प्रत्येक बटालियनची युद्धरोजनिशी असते. बर्मा आघाडीवरच्या पलटणींच्या रोजनिश्या लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. डब्ल्यू. ओ. १७२ या मालिकेत शोधायच्या. मुख्य रकाने चार : जागा, तारीख, वेळ, घडामोडी. लढाईच्या दिवसांच्या नोंदी बहुधा मागाहून, आठवून लिहिलेल्या, हे ध्यानात ठेवून वाचायचं.

आता इथे बघा. अधिकाऱ्यांची नावं आहेत. आणि ही तीन अक्षरं. आय. ओ. आर. इंडियन अदर रँक्स. म्हणजे हिंदी शिपाई, नाईक, हवालदार. त्यांच्यापुढे आकडा येतो. इतके मेले, इतके जखमी, इतके बेपत्ता. आजोबा पानोपानी आहेत, फक्त आकड्याच्या आत.

शिपायाचं नाव सरकारी कागदावर वर यायला दोनच वाटा. शौर्यपदकासाठी शिफारस झाली तर – त्या शिफारशी क्यूलाच डब्ल्यू. ओ. ३७३मध्ये आहेत आणि कधी कधी एखाद्या नाईकाची अख्खी रात्र अर्ध्या पानात मावलेली असते. नाहीतर तो मेला तर.

(दृश्य : इम्फाळ. दगडावरच्या नावांच्या ओळी.)

मेलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने चोख ठेवलीय आणि ती घरबसल्या बघता येते. लोक आधी खडकीच्या दफनभूमीत चक्कर मारतात. तिथे पश्चिम आणि मध्य भारतातल्या कबरी एकत्र आणलेल्या आहेत, बर्मा आघाडीचा माणूस तिथे शोधू नये. इम्फाळला मुसलमान शिपाई दफनभूमीत आहेत. हिंदू आणि शिखांना अग्नी दिला, त्यांची ८६८ नावं तिथल्याच दहन-स्मारकावर आहेत. ज्यांचं काहीच हाती लागलं नाही ते रंगूनजवळ तौक्यानच्या स्मारकावर, जवळजवळ २७,००० जण.

यादी चाळताना आडनावाच्या भरवशावर राहू नका. कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. सावंतांचा ‘व’ इंग्रजीत दोन तऱ्हांनी येतो, मोऱ्यांचा शेवट तीन तऱ्हांनी. बापाचं नाव आणि गाव धरून शोधा. गाव शोधताना जिल्हा जुना घ्या. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१मध्ये, त्याआधी ते गाव रत्नागिरीत, आणि त्याही आधी कदाचित सावंतवाडी संस्थानात. सांगलीची गावं साताऱ्याखाली सापडतील, रायगडची कुलाब्याखाली.

आणि एखाद्याचे आजोबा खरंच १५२मध्ये असतील तर? १९४५मध्ये त्या बटालियनचे धर्मावर दोन तुकडे झाले, हिंदूंची पहिली आणि मुसलमानांची चौथी. १९४६च्या अखेरीस तेव्हाची सगळी पॅराशूट रेजिमेंटच मोडली. जवान ज्या पलटणीतून स्वखुशीने छत्रीकडे आले होते तिकडे परत गेले. पुढच्या वर्षी फाळणी. म्हणून पॅराचा शोध मूळ पलटणीपासून सुरू करावा. ती आज सीमेपलीकडे असेल तर वाट लांबची.

या आजोबांचं नाव कुठल्याच दगडावर नाही. शिफारशींतही नाही. ते परत आले, शेती केली, पाच मुलं झाली. म्हणून सापडत नव्हते.

उरली सेवानोंद, बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे मागायची. भरती कधी, बदल्या कुठे, जखम, रजा, सुटका. नातवाने अर्ज लिहिला. कडेवरचा नंबर, रेजिमेंट, चार-पाच, बापाचं नाव, गाव, तालुका जुना आणि नवा दोन्ही. झेरॉक्स जोडली.

(दृश्य : पडवी. आत्या सुपात तांदूळ निवडतायत.)

आत्या ऐंशीच्या पुढच्या. एवढा वेळ सगळं ऐकत होत्या. सूप बाजूला न ठेवताच त्यांनी विचारलं, ‘मगे, बाबांनी उडी मारल्यानी की नाय?’

‘नाय गो आत्ये.’ नातू पाकिटाला डिंक लावत होता. ‘पण छत्र्यो बघितल्यानी. खूप.’