पहिल्या पावसानंतरचं जेवण

नमस्कार श्रोतेहो.

मी बोलणारा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझं काम पान्ह्याचं आणि टेस्टरचं. भुसावळपासून वीसेक किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी माझं छोटं दुकान आहे. कूलर दुरुस्ती आणि मोटार रिवाइंडिंग. 2004 साली टाकलं. दुकानात रेडिओ सकाळपासून सुरू असतो, कारण हात मोटारीत अडकलेले, डोळे तारेवर, मोकळे राहतात ते कान. आज त्याच रेडिओतून माझा आवाज येणार म्हणून धाकट्याने गल्लीतली पोरं घरी गोळा करून ठेवली आहेत. तेव्हा कुठे अडखळलो तर आठवडाभर माझी नक्कल होणार आहे.

मला सांगितलं होतं की उन्हाळा सरतोय, घराविषयी चार शब्द बोला. मी म्हटलं, उन्हाळ्यात मी घर बघतो कुठे? मग बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला बसलो आणि वाटलं, बोलायचं ते हेच.

आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं. शेतकऱ्याचं मृगाला सुरू होतं. माझं सुरू होतं होळीला आणि संपतं पहिल्या दमदार पावसाला. होळीची राख गार होत नाही तोच फोन येऊ लागतात, "भाऊ, कूलर माळ्यावरून उतरवलाय, चालूच होत नाही." मार्चमधले रोग साधे असतात. उंदराने वायर कुरतडलेली, पंप खाराने जाम झालेला, गवत कुजलेलं. एप्रिलमध्ये बुश, म्हणजे मोटारीचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, कोरडे पडतात, कंडेन्सर जातात. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की मोटारीच जळायला लागतात. रात्री सगळं गाव एकदम कूलर लावतं, व्होल्टेज पडतं, मोटार नुसती गुरगुरते आणि फिरत नाही. तशीच गुरगुरत राहिली तर आतलं वाइंडिंग काळं ठिक्कर. आलोच आहे तर सांगून टाकतो, अशा वेळी जाळीतून काठी घालून पातं फिरवू नका, बटण बंद करा. दर वर्षी सांगतो. दर वर्षी लोक काठी घालतात.

या तीन महिन्यांत सकाळी आठला निघालो की घरी यायला साडेअकरा-बारा होतात. वर्षाची कमाई यातच आहे. पोरांची फी, वर्षाचा गहू, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं या घामातून निघतं. तक्रार नाही. पण घरात दिवसभर काय झालं ते मला खुणांवरून ओळखावं लागतं. गच्चीवर जुनी साडी पसरलेली दिसली आणि तळपायाला चिकट लागलं, म्हणजे आज कुरडया झाल्या. ताटाखाली ओलसर बिबड्याचा, म्हणजे ज्वारीच्या पापडाचा, तुकडा झाकून ठेवलेला सापडला, म्हणजे आज बिबडे झाले आणि पोरांच्या तावडीतून एक तुकडा माझ्यासाठी वाचवला गेला. ओलसर बिबडा ज्याने खाल्लाय त्याला कळेल, तो वाचवणं सोपं नसतं.

आई मूळची शिंदखेड्याकडची. इतकी वर्षं इकडे राहूनही अहिराणीतच बोलते. मी निघताना ती माझ्या खिशात एक लहान कांदा टाकते, ऊन लागू नये म्हणून. डॉक्टर म्हणतात पाणी पी, आई म्हणते कांदा ठेव. मी दोन्ही करतो. संध्याकाळपर्यंत शर्टाला असा वास येतो की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकून बोलतं. माझं वय 46 आहे. या वयात घराबाहेर पडताना आपला खिसा चाचपून बघणारं कुणी असावं, हे मी कमाईतच धरतो. रात्री जिन्यावर पाऊल वाजलं की अंधारातून आवाज येतो, "उना का रे?" मी हो म्हणतो. "जेवी ले," म्हणते आणि कूस बदलते. तीन महिने आमच्या मायलेकाचं बोलणं एवढंच.

थोरली आता आठवीत जाईल. मे महिन्यात एका रात्री मी आलो, तर गच्चीवर सगळे झोपलेले आणि ही एकटी जागी. मला वाटलं, आजारी आहे. तर म्हणते, "पप्पा, कूलर गार का करतो, सांगा बरं." वीस वर्षं कूलर दुरुस्त करणाऱ्याला हा प्रश्न! मी म्हटलं, गवत ओलं असतं म्हणून. तिने मान हलवली, आमचे मास्तर हलवायचे तशीच. मग भाकरी खाता खाता माझी शाळा भरली. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, म्हणून गवतातून येणारी हवा गार लागते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने, माठाच्या अंगातून झिरपतं आणि उडून जातं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी झपाट्याने उडतं. म्हणून खानदेशात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही.

यातलं अर्धं मला हाताला माहीत होतं. जून लागला की फोन येतात, "भाऊ, कूलर चिकट हवा मारतोय, येऊन बघा." जाऊन बघावं तर मशीन ठणठणीत. हवेतच दमटपणा भरलेला, मग गवतातलं पाणी उडणार कुठे? त्या फेरीचे मी पैसे घेत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, पाऊस जवळ आलाय, एवढं सांगून येतो. थोरली त्याला आर्द्रता म्हणते. मी म्हणायचो, धंदा उठला. पण ते सांगायला पोरगी साडेबारापर्यंत जागी राहिली होती.

एक गोष्ट सांगू की नको असं झालं होतं, पण सांगतो. एप्रिलमध्ये दुपारी एका घरून बोलावणं आलं. पत्र्याचा कूलर, खाली फरशीवर सांडलेलं पाणी आणि त्यांच्या सात-आठ वर्षांच्या पोराने अनवाणी जाऊन कूलरला हात लावलेला. नशीब असं की झटक्याने तो मागे फेकला गेला. मी पोहोचलो तेव्हा आजीच्या मांडीवर बसून बर्फाचा गोळा खात होता. त्याची आई मात्र एका जागी उभी होती आणि तिला बस म्हटलेलंही ऐकू येत नव्हतं. कूलर उघडला. अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती आणि आतल्या एका वायरचं आवरण घासून पत्र्याला टेकलेलं. दहा मिनिटांचं काम होतं. पैसे घेववले नाहीत.

त्या रात्री घरी आलो आणि जेवायच्या आधी टेस्टर घेऊन आमच्या कूलरजवळ गेलो. अर्थिंग ठीक होती. वायर ठीक होती. तरी बटणं बंद करून पुन्हा एकेक जोड तपासला. मग वर गच्चीवर गेलो. दोघं आडवीतिडवी पडलेली, धाकट्याचा पाय बहिणीच्या पोटावर. लांबून मालगाडीची शिट्टी आली. मी तिथेच कठड्याला टेकून बसलो, बराच वेळ. घरची उठून म्हणाली, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, पाणी दे. खरंच काही झालेलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच मी बसलो होतो. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढून भरा, श्रोतेहो. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता पावसाकडे येतो. तुम्ही म्हणाल, याच्या पोटावर पाय देणारा पाऊस, याला कसला आनंद? पण दर वर्षी मे संपत आला की मी पश्चिमेकडे बघायला लागतो. पाऊस आला म्हणजे मी दिवे लागायच्या वेळी घरी. पैशाचं पुढे मिक्सर, पंखे आणि शेतातल्या पाणबुडी मोटारींवर चालतं, रडतखडत.

फक्त मनासारखा आनंद करता येत नाही, कारण ताई रावेर तालुक्यात दिलेली आहे, केळीच्या घरात. आखाजीला आली होती. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर डांगर, सांजोऱ्या, खापरावरचे मांडे, आमरस आणि निंबाला बांधलेला झोका. पन्नाशीला टेकलेली ताई झोक्यावर बसली, गाणी म्हटली, तिच्या लेकीने व्हिडिओ काढला. पण झोका वर गेला की तिची नजर ढगांकडे. केळीच्या खोडात लाकूड नसतं, पानांच्या देठांची गच्च गुंडाळी असते नुसती. वर्षभर पोसलेली, घड लागलेली बाग अर्ध्या तासाच्या वावटळीत आडवी होते. मी ज्या वाऱ्याची वाट बघतो, त्याच वाऱ्याला माझी बहीण भिते.

गेल्या आठवड्यात तो आला. दुपारी चारचा सुमार. मी एका पत्र्याच्या छतावर पंप बसवत होतो. आधी धूळ, मग निंबाच्या वाळक्या काड्या, मग टपोरे थेंब, तापल्या पत्र्यावर चर्र करून उडून जाणारे. खाली उतरलो आणि पहिला फोन ताईला लावला. लागेना. दुसऱ्यांदा लागेना. तिसऱ्यांदा भाऊजींनी उचलला. मी एवढंच विचारलं, "बाग?" म्हणाले, "कडेची चार-पाच झाडं गेली. बाकी उभी आहे." मग मला मातीचा वास आला. आधीपासून येतच असणार.

शटर साडेसहाला ओढलं. घरी गेलो तर धाकट्याने दारातच विचारलं, "पप्पा, तुम्हाला बरं नाही का?" जेवायला बसायच्या वेळी गंमत झाली. माझ्या जागेवर तोच बसला होता. तीन महिने तोच तिथे बसतो, ती आता त्याची झालेली. कुणी काही बोललं नाही, मी भिंतीकडेला सरकून बसलो. कळण्याची भाकरी, फोडणी दिलेली डाळ, ठेचा आणि शेवटच्या आंब्यांचा रस. सगळे एकाच वेळी बोलत होते. आईला कोथळीला मुक्ताईच्या पालखीच्या प्रस्थानाला जायचं होतं, थोरलीला वह्यांना कव्हरं हवी होती, घरची गव्हाला एरंडेल लावायचं राहिलंय म्हणत होती. धाकटा हसला तेव्हा मी बघतच राहिलो. त्याचा समोरचा दात पडून त्या जागी नवा अर्धा आलेला. मी विचारलं, हा कधी पडला? थोरली म्हणाली, "आखाजीच्या आधी. तुम्हाला दाखवायला डबीत ठेवलाय." डबी आणली. त्यात दात होता आणि शेजारी, कशाला ते तोच जाणे, एक जळका कंडेन्सर.

मी रस जरा जास्तच खाल्ला.

बोलायची वेळ संपत आली, आणि मला घाईही आहे. काल लोणच्याच्या कैऱ्या आल्या, दहा किलो. अडकित्त्याने फोडून मीठ-हळद लावून ठेवल्या आहेत, आज रात्री त्या फोडी कापडावर पसरून वाळवायच्या. त्यासाठी घरचाच कूलर लागतो, पाणी काढून टाकलेला, नुसता पंखा. आणि आमच्या घरच्या कूलरचा बुश होळीपासून खडखडतोय. घरचीने पाचदा सांगितलं, मी पाचदा म्हटलं, उद्या बदलतो. आज निघताना ती म्हणाली, "रेडिओवरच सांगा, म्हणजे शब्द फिरवता येणार नाही."

सांगितलं. बुश खिशात आहे, कांद्याशेजारी. येतो मी. नमस्कार.