आधी प्लग, मग पाणी

नमस्कार श्रोतेहो. पारा 45 च्या आसपास रेंगाळतोय, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर आलाय आणि नागपुरात खिडकीखिडकीबाहेर कूलर घरघरतायत. तेव्हा आज बोलू या ते आपल्याकडच्या आया उन्हाळाभर जे घोकत असतात त्याबद्दल. आधी प्लग काढ, मग पाणी भर. परत सांगते. आधी प्लग, मग पाणी.

नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटंसुलटं झालेलं असेल, तर बटण बंद असूनही पंपापर्यंत करंट पोचतो. प्लग काढला की दोन्ही तारा सुटतात. पत्र्याची बॉडी, वर्षभर अडगळीत पडून तडकलेली पंपाची वायर, ओली फरशी आणि अनवाणी पाय. 230 व्होल्टला आणखी काय हवं? अर्थिंगचं आणि आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचचं, काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, म्हणजे मला माझ्या लेकाची गंमत सांगायला वेळ उरेल.

लेक चौथीत. सांगायला गेलं की "हो गं आई, माहीत आहे," आणि हात आधी पाइपकडे. मग माझा पट्टा सुरू.

मागच्या मे महिन्यात घरात लग्न निघालं. मुहूर्त भर दुपारी 12 चा. असे मुहूर्त काढणाऱ्यांना एकदा आचाऱ्याच्या भट्टीशेजारी बसवून जेवू घातलं पाहिजे, पण ते असो. पुण्याहून माझे मावसभाऊ आले होते. पुण्याच्या माणसाला आमच्या पत्र्याच्या कूलरचं भारी अप्रूप. जेवणं आटोपून सगळे गाद्यांवर आडवे झाले, आणि थोड्या वेळात कूलर गरम वारा फेकू लागला. पाणी संपलेलं. पाहुणे स्वतःहून उठले. अनवाणीच मागच्या अंगणात गेले, एका हातात पाइप धरला आणि दुसऱ्या हातानं कूलरची ताटी उचकटायला लागले. कूलर चालूच!

लेक खिडकीशी पत्ते खेळत बसला होता. तो असा ओरडला की अख्खी खोली उठून बसली. "मामा, हात काढा!" झेपावून प्लग ओढला, अंगणात गेला आणि कमरेवर हात ठेवून सुरू झाला, "किती वेळा सांगायचं? आधी प्लग, मग पाणी! पायात चप्पल कुठाय? एवढा घोडा झालास, अक्कल कधी येणार?"

शब्द माझे, सूर माझा, कमरेवरचे हातसुद्धा माझेच. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "काहून रे पोट्ट्या, मामाले घोडा म्हन्तं?" मामा बिचारे निमूटपणे चप्पल शोधायला गेले आणि वरमाईच्या उंच टाचांच्या सँडल घालून परत आले. टाकी भरून ताटी परत बसेपर्यंत लेकानं कोणाला प्लगजवळ फिरकू दिलं नाही.

माझं आपलं मत असं, की पोरं ऐकतात सगळं. फक्त ते वापरायला त्यांना आपल्यापेक्षा अडाणी माणूस लागतो, आणि घरात तसा कोणी सापडत नाही. म्हणून पाणी मोठ्यांनीच भरा, पण प्लग निघाला की नाही हे बघायचं काम पोरांना द्या. दरडावायला मिळालं की एकही दिवस चुकत नाहीत. आणि त्यांना हेही सांगून ठेवा, कोणाला करंट लागलाच तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच पाडायचा. हात नाही, मेन स्विच.

आता राहिली टाकी. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून आतून घासायची, कारण डेंग्यूचा डास अंडी टाकीच्या कडांना चिकटवतो, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. हे मी लेकाला रोज सांगून राहिले, आणि तो रोज "हो गं आई" म्हणून राहिला. पुण्याच्या मामांना फोन केलाय. येत्या रविवारी येतायत.