वहीतली तीन नावं

(दृश्य: लॅम्पखाली उघडी वही, पानं उलटणारा हात)

ही वही बघा. २०२४ चे जे जे सिनेमे बघितले ते सगळे हिच्यात लिहिलेत, आणि त्यातल्या तीन नावांभोवती पेनानं इतके गोल फिरवलेत की मागच्या पानावर ठसा उमटलाय. बाकीचेही चांगले होते, पण हे तीन अजून डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून आज फक्त त्यांच्याबद्दल.

पहिला फ्लो, ॲनिमेशनचा सिनेमा. लॅटव्हियाचा दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस याचा. सगळीकडं पूर आलाय, माणूस एकही दिसत नाही, एक मांजर कसंबसं एका होडीत चढतं तर तिथं आधीच एक कॅपिबारा, म्हणजे घुशीसारखा पण खूप मोठा प्राणी, निवांत बसलेला. मग लेमूर येतो, पक्षी येतो, कुत्रा येतो. अख्ख्या सिनेमात संवाद नाही.

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन, जवळून)

हे स्क्रीनवर दिसतंय ते ब्लेंडर, ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर. कुणीही फुकट डाउनलोड करू शकतं, आणि फ्लो यातच बनलाय. ॲनिमेशनमध्ये सहसा आधी स्टोरीबोर्ड करतात, म्हणजे एकेक शॉट चितारून ठरवून ठेवतात, गिंट्सनं ते केलंच नाही, त्यानं आधी जागा उभी केली, पाणी, झाडं, होडी, त्यात कच्ची जनावरं सोडली आणि मग कॅमेरा घेऊन आत हिंडत शॉट शोधत बसला. आम्हीपण करून बघितलं. हा करडा चौकोनी डबा म्हणजे मांजर समजा. आता कॅमेरा जरा खाली, अगदी जमिनीला टेकवून… बघा, काहीच बदललं नाही, डबा तोच, पण समोरचं झाड केवढं मोठं झालं आणि डबा एकदम एकटा दिसायला लागला.

ही नजर एका रात्रीत येत नाही हो. २०१२ मध्ये त्यानं पाण्याला घाबरणाऱ्या मांजराचीच एक छोटी फिल्म केली होती, २०१९ मध्ये अवे नावाचा पूर्ण सिनेमा एकट्यानं केला, संगीतसुद्धा स्वतःचं, आणि मग फ्लोसाठी छोटी टीम घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ काम. आवाजाचीपण तीच तऱ्हा. सगळे आवाज खऱ्या जनावरांचे, फक्त कॅपिबाराचा आवाज निघाला बारीक आणि किरकिरा, त्या शांत प्राण्याला तो शोभेना, म्हणून त्याला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिला. मला तर हे कळल्यावर परत पहिल्यापासून बघावा लागला.

मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, लॅटव्हियाचं पहिलं.

(दृश्य: उजेडासमोर धरलेली ३५ मिमी फिल्मची पट्टी)

दुसरं नाव, द ब्रुटलिस्ट. हातातली पट्टी बघा, नेहमीच्या कॅमेऱ्यात ती अशी उभी सरकते आणि एका फ्रेमला काठावरची चार भोकं लागतात. आता आडवी धरली. व्हिस्टाव्हिजन नावाच्या पद्धतीत ती अशी आडवी पळते, एका फ्रेमला आठ भोकं, म्हणजे चित्राला जवळजवळ दुप्पट जागा. ही १९५४ ची पद्धत, दिग्दर्शक ब्रॅडी कॉर्बेटनं ती परत काढली कारण त्याची गोष्टही त्याच काळातल्या एका वास्तुविशारदाची आहे. सिनेमा उभा राहायला सात वर्षं गेली. लांबी ३ तास ३५ मिनिटं, त्यात १५ मिनिटांचं मध्यंतर सिनेमातच आहे. लांबी ऐकून सोडून देऊ नका, एवढंच सांगतो.

(दृश्य: रात्रीचा पाऊस, लोकलच्या उजळलेल्या खिडक्या)

आणि हा तिसरा, ऑल वी इमॅजिन ॲज लाइट. पायल कपाडियाचा. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्स आणि त्यांच्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती, म्हणजे आपली छाया कदम, जिचं घर बिल्डरच्या घशात चाललंय आणि जी शेवटी रत्नागिरीकडं आपल्या गावी निघते. मल्याळम, हिंदी, मराठी, तिन्ही भाषा एकमेकींत अशा मिसळलेल्या जशा लोकलच्या डब्यात कानावर पडतात. मे २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं, तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पोचला तो तब्बल ३० वर्षांनी.

त्यातला तो लाल राइस कुकर आठवा. जर्मनीहून आलाय, सोबत चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. त्या दोन नर्सपैकी प्रभाचा नवरा तिकडंच असतो, फोन कधीचा बंद झालाय. आणि रात्री प्रभा फरशीवर बसून तो कुकर पोटाशी घट्ट धरते.

(इथे निवेदन नाही. पाऊस चालू.)

असे सिनेमे थिएटरात बऱ्याचदा आठवडाभर टिकतात, तेही अडनिड्या वेळेला, मग उतरतात. जमेल तेव्हा अंधारात, मोठ्या पडद्यावर बघा, फोन बंद करून.

(दृश्य: लॅपटॉपवर फ्लो लागलाय, समोर घरातली मांजर)

हे आम्ही ठरवून शूट केलेलं नाही. कॅमेरा चालू राहिला होता. पडद्यावरचं मांजर ओरडलं आणि हिनं कान टवकारले, उठून लॅपटॉपच्या मागं जाऊन बघून आली, परत समोर येऊन बसली. पुढची दोन मिनिटं तशीच ठेवलीत.