चौकातली दुपार

मंडळी, नकाशे दाखवण्याआधी एक कबुली देतो. खानदेशातल्याच एका तालुक्याच्या गावी जुना बाजारचौक नव्याने बांधला, त्या आराखड्यावर माझी सही आहे. कागदावर चौक फार देखणा दिसत होता. गुळगुळीत ग्रॅनाइट, मधोमध कारंजं, कडेने स्टीलची बाकं. निंबाचा जुना पार ‘नजरेच्या आड येतो’ म्हणून आम्हीच काढायला लावला. मग मे महिन्यात बघायला गेलो. एका म्हाताऱ्या बाबांनी बाकाला हात लावला, चटकन मागे घेतला आणि मला विचारलं, “भाऊ, आठे बठानं कोठे?” म्हणजे इथे बसायचं कुठे? मला काही बोलता येईना. कारंजं कोरडं ठणठणीत होतं. त्याच्या कठड्यावर कुणीतरी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते. आमच्या आराखड्याचा तेवढा एकच उपयोग गावाला सापडला होता.

खरं तर ‘मिश्र वापर’, म्हणजे एकाच जागी दुकानही आणि घरही, आपल्याला नवा नाही. 1818 नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात मुख्य ठाणं केलं आणि सरळ रेषेत पेठ आखली. पत्ता सांगताना आजही आपण गल्ली नंबर 4 म्हणतो ती त्याचीच खूण. खाली दुकान, वर बिऱ्हाड, ओट्यावर शेजारी, ही आपल्या पेठांची जुनीच रीत. फरक इतकाच की आता तो शब्द निविदेत आलाय, आणि निविदेत मजले मोजतात, तास कुणी मोजत नाही. आपला चौक सकाळी अकरापर्यंत जागा असतो, मग थेट सहानंतर. मधली दुपार ज्याला सांभाळता आली, त्याचा चौक चालला.

जुना बाजार हलला की जागेचं काय होतं, ते बघा. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधला फळं-भाजी-फुलांचा घाऊक बाजार 1974 साली नाईन एल्म्सला हलवला. आसपासचा बराच भाग पाडायचा बेत होता. रहिवासी आडवे आले, तो बारगळला आणि बाजाराची जुनी इमारत 1980 मध्ये छोट्या दुकानांसह पुन्हा उघडली. पॅरिसने ‘ले आल’ या आपल्या जुन्या मध्यवर्ती बाजाराचे लोखंडी मंडप 1971 पासून पाडले आणि शहराच्या पोटात कित्येक वर्षं नुसता खड्डा राहिला.

लांब कशाला, मुंबईच्या बंद कापडगिरण्यांच्या जमिनी बघा. 1991 च्या विकास नियमात या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते: मोकळी जागा, सार्वजनिक घरं आणि मालक. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणीला फक्त आधीपासून रिकामी असलेली जमीन आली. गिरणीच्या इमारतींखालची जमीन मालकाकडेच राहिली. एका ओळीने मैदानं गेली! आपल्याकडेही कापसाच्या बंद जिनिंग कारखान्यांच्या जागा गावाच्या मधोमध आहेत. तिथे उद्या चौक होणार म्हणून फलक लागला, तर चित्र नंतर बघा, आधी ती ओळ शोधा.

बैठकीत मला हमखास विचारतात, कारंजं कुठे बसवायचं? मी उलट विचारतो, दुपारी दोनला तिथे कोण असतं? चपला शिवणारा, रसवंतीवाला, बसची वाट बघणारी माय. यांच्या जागा नकाशावर आधी पडल्या पाहिजेत, तीही झाडाखाली आणि त्यांना परवडेल अशा भाड्यात.

त्या गावात आता निंबाची दोन रोपं लावली आहेत. गुडघ्याएवढी झालीत. सावली पडायला वेळ आहे, तोवर बिबडे वाळतील.