रेनकोटची परीक्षा, कणकुंबीच्या पावसात

खानापूरहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे निघाले की जून-जुलैमध्ये पावसाची जातच बदलते. बेळगाव शहरात सर येते आणि ओसरते. इथे मलप्रभेच्या उगमापाशी, सह्याद्रीच्या माथ्यावर, ढग अडतात आणि झड दिवसच्या दिवस लागून राहते. चोर्ला घाटातून चढणारा वारा तोच पाऊस आडवा मारतो. भीमगडच्या रानाकडे किंवा एखाद्या धबधब्याकडे निघणाऱ्याने आपल्या अंगावरचे कापड अशा पावसात किती वेळ साथ देईल, हे घर सोडण्यापूर्वीच पडताळून घ्यायला हवे.

रेनकोटच्या आतल्या पट्टीवर अनेकदा 10,000 मिलीमीटर असा आकडा छापलेला असतो. पडणाऱ्या पावसाच्या मोजमापाशी त्याचा संबंध नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब येईपर्यंत ते कापड पाणी झिरपू देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे परीक्षा झाली ती कापडाची. शिवण, चेन, गळा आणि मनगट यांची नव्हे, आणि पाणी बहुधा तिथूनच आत शिरते.

ही उरलेली परीक्षा घरच्या घरी घेता येते. फिकट राखाडी सुती सदरा घालावा, त्यावर रेनकोट चढवावा, पाठीवर नेहमीच्या वजनाची सॅक घ्यावी आणि शॉवरखाली वीस मिनिटे थांबावे. मात्र नुसते उभे राहू नये; हात वर करावेत, वाकावे, मान दोन्ही बाजूंना वळवावी. मग कोट उतरवून सदऱ्यावरचे डाग नीट वाचावेत. खांद्याच्या शिवणीलगत गडद रेघ उमटली असेल, तर सॅकच्या पट्ट्याखाली, जिथे दाब सर्वांत जास्त पडतो तिथे, आतली चिकटपट्टी सुटलेली असण्याचा संभव आहे. छातीवर उभा ओघळ दिसला तर चेनवरची झडप अपुरी आहे. बाही कोपरापर्यंत ओली असेल तर मनगटाची पट्टी आवळत नाही. शिवणीची दुरुस्ती होऊ शकते. पण कापडाच्या आतला थर चिकट होऊन सोलवटू लागला असेल, तर तो कोट रानात नेऊ नये. ओला कोट घडी घालून ठेवला की हा थर लवकर खराब होतो, म्हणून तो सावलीत पूर्ण वाळवूनच ठेवावा.

या भागात भातरोपांच्या लावणीला वाकलेल्या माणसांच्या पाठीवर बांबू आणि पानांचे इरले असे. ते अंगाला चिकटत नाही आणि खालून वारा खेळतो, त्यामुळे आत घाम साचत नाही. घामाची वाफ बाहेर सोडणारे म्हणून विकले जाणारे महागडे कापड इथे फारसे कामी येत नाही, कारण बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. काखेतली चेन उघडी ठेवणे आणि चढ सावकाश चढणे, हे त्याहून उपयोगी पडते.

घामाने काय किंवा पावसाने काय, ओला झालेला सुती कपडा वाऱ्यात शरीराची ऊब झपाट्याने ओढून घेतो. शरीराचे आतले तापमान 35 अंश सेल्सिअसखाली उतरणे धोक्याचे असते, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. सोबत्याला हुडहुडी भरली, त्याची बोटे बटण लावेनाशी झाली, बोलणे अडखळू लागले, की चालणे थांबवावे. त्याला आडोशाला न्यावे, कोरडे कपडे घालावेत आणि तो शुद्धीवर असेल तर गरम, गोड चहा द्यावा. दारू मुळीच देऊ नये. म्हणून लोकरी किंवा कृत्रिम धाग्याच्या कपड्यांचा एक कोरडा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवावा.

ओढ्याच्या पाण्यापुढे मात्र कोणताच कोट कामाचा नाही. वर माथ्यावर पाऊस झाला की इथे थेंब नसतानाही पाणी चढते. ते एकाएकी गढूळ झाले, काटक्या आणि पाने वाहून येऊ लागली, तर पलीकडे जाण्याचा विचार सोडावा. वेगाच्या प्रवाहात जेमतेम 15 सेंटीमीटर पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलते. हवामान खात्याने बेळगाव जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल, तर निघूच नये. अन्य दिवशीही, कणकुंबीपुढे मोबाईलची रेंज अनेक ठिकाणी जाते, म्हणून वाटेतल्या शेवटच्या गावात कुणाला तरी आपली वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी, आणि त्या वेळेपर्यंत आपण आलो नाही तर 112 वर कळवावे, अशी विनंती करावी.