जन्मठेप, चौदा वर्षं आणि मंत्रालयातली फाईल

श्रोतेहो, नमस्कार. खुनाच्या खटल्याचा निकाल लागला की गावात लगेच हिशेब सुरू होतो : जन्मठेप झाली, म्हणजे चौदा वर्षांनी सुटणार. कायद्यात असं कुठंही लिहिलेलं नाही. चांगल्या वर्तणुकीबद्दल तुरुंगात मिळणाऱ्या माफीचे दिवस धरून आपली शिक्षा संपली, असा दावा गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे यांनी केला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो १९६१ साली फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. त्याआधी सुटका हवी तर सरकारचा आदेश लागतो.

मग चौदा आले कुठून? फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ साली घातलेल्या ४३३-अ कलमातून. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच ४७५वं कलम आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर किमान १४ वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याखेरीज सरकारला या संहितेखाली सोडता येत नाही. शिक्षा माफ करण्याचा राज्यपालांचा घटनेतला अधिकार यापासून वेगळा.

आता हिशेब कसा होतो ते बघा, कारण घोळ इथंच होतो. खटला चालू असताना काढलेली कच्ची कैद चौदात धरतात. चांगली वर्तणूक आणि काम यांबद्दल मिळालेली माफी धरत नाहीत. पॅरोलचे, म्हणजे अभिवचन रजेचे दिवसही धरायचे नाहीत, हे गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली सांगितलं. महाराष्ट्रात याच्या जोडीला गुन्ह्याच्या स्वरूपावरून प्रवर्ग, म्हणजे किती वर्षांनी सुटकेचा विचार करायचा तो गट, ठरतो, आणि प्रवर्गाची वर्षं मोजताना मात्र माफी धरतात. समजा प्रवर्ग २४ वर्षांचा आहे. प्रत्यक्ष कैद १८ आणि माफी ६ वर्षं, तर सुटकेचा प्रस्ताव नियमात बसतो. प्रत्यक्ष १३ आणि माफी ११, बेरीज तीच २४, तरी बसत नाही. चौदा भरलेली नाहीत.

प्रस्ताव तुरुंग अधीक्षकांकडून निघतो. त्यात निकालपत्र, माफीचा तक्ता, तुरुंगातल्या शिक्षा, रजेवरून उशिरा हजर झाल्याच्या नोंदी. पोलीस आणि जिल्हा प्रशासनाचे अहवाल येतात, ज्या न्यायालयानं शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशांचं मत येतं. मग फाईल पुण्याच्या कारागृह मुख्यालयातून मंत्रालयात गृह विभागाकडे जाते. कैद्याची मधे बदली झाली असेल तर आधीच्या तुरुंगातल्या नोंदी मागवण्यात वेळ जातो. पोलीस अहवालात 'सुटल्यास शांतता भंग होण्याची शक्यता' हे ठरलेलं वाक्य असतं. गावात आता वातावरण कसं आहे, दुसऱ्या बाजूचं कोण तिथं राहतं, याचा पत्ता नसतो. न्यायाधीशांचं मत एका ओळीत आलं तर तेही चालत नाही. कारणं द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली बजावलं आहे. गुन्ह्याचा समाजावर परिणाम काय, तो पुन्हा घडण्याचा संभव किती, माणसाला आत ठेवून आता काही साधतं का, घरची परिस्थिती काय, एवढं तरी त्यात तपासलेलं हवं.

सरकारची शिक्षामाफीची धोरणं बदलत असतात, मग कोणतं लावायचं? सर्वसाधारण नियम असा, की शिक्षा झाली त्या दिवशी लागू असलेलं. नंतरचं धोरण कैद्याला अधिक सोयीचं असेल तर त्याचा लाभ.

आणि सरकार कोणतं? बिल्किस बानो प्रकरण याच मुद्द्यावर उलटलं. गुन्हा सामूहिक बलात्कार आणि खुनांचा, २००२ सालचा, गुजरातमधला. खटला सर्वोच्च न्यायालयानं मुंबईत हलवला आणि २००८ साली मुंबईतच शिक्षा झाली. शिक्षा ज्या राज्यात झाली त्या राज्याच्या सरकारचा अधिकार, म्हणजे इथं महाराष्ट्राचा. तरी १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारनं अकरा जणांना सोडलं. मुंबईच्या न्यायाधीशांचं मत सुटकेच्या विरोधात होतं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती माफी रद्द करून सगळ्यांना दोन आठवड्यांत तुरुंगात हजर व्हायला लावलं.

या व्यवस्थेतली खरी खोट मला सौम्यपणात किंवा कडकपणात दिसत नाही, कारणं न लिहिण्यात दिसते. कारण न लिहिता धोकादायक माणूस सुटतो, आणि कारण न लिहिताच सत्तरीचा, काठी टेकत चालणारा म्हातारा आत राहतो. पीडिताचं तर कोणी विचारतच नाही. खटला मागे घ्यायचा असेल तर पीडिताला ऐकून घेणं नव्या संहितेच्या ३६०व्या कलमानं बंधनकारक केलं. शिक्षामाफीच्या ४७३व्या कलमात तशी सक्ती नाही. ती घालायला हवी होती.

फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही गोष्टी पक्क्या केल्या. धोरणानुसार कैदी पात्र झाला की अर्जाची वाट न पाहता सरकारनं विचार करायचा. नकार असो वा मंजुरी, थोडक्यात कारणं लिहायची आणि निर्णय कैद्याला कळवायचा. माफी देताना घातलेल्या अटी पाळता येतील अशा, स्पष्ट हव्यात. 'सभ्यपणे वागावे' अशी मोघम अट न्यायालयानं आधीच्याच वर्षी रद्द केली होती. अट मोडली असं वाटलं तर माफी परस्पर रद्द करता येत नाही. आधी नोटीस, मग कैद्याचं म्हणणं, मग आदेश, आणि त्या आदेशातही कारणं. माफी रद्द झाली तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि उरलेली शिक्षा भोगायला तो परत आत जातो. नमस्कार.