रक्तमांसाबरोबर नव्हे

[दृश्य: विडी घरकुलातली गल्ली. संध्याकाळ.]

सोलापूरचा मे महिना. साडेसात वाजून गेलेत, तरी भिंतीला हात लावला की चटका बसतो. अशा वेळी या गल्लीत कुणी दार-खिडकी लावून घेत नाही. बाजा बाहेर निघतात. बायका उंबऱ्यावर सूप घेऊन विड्या वळत बसतात. कुणाच्या तरी मोबाइलवर तेलुगू मालिका चालू असते, ती अख्खी गल्ली ऐकते.

एका घराची खिडकी मात्र बंद आहे. दाराला आतून कडी.

[दृश्य: खोलीच्या आत. फक्त हात, पुस्तकं, पंखा.]

आत चौदा माणसं, एक टेबलफॅन आणि एक ढोलकी. आवाज दबावा म्हणून ढोलकीवर टॉवेल टाकलाय. दाराबाहेर एकही चप्पल नाही. सगळ्या चपला आत, लोखंडी कॉटखाली. बाहेर चौदा जोड दिसले की येणारे-जाणारे मोजतात, आणि मोजलेला आकडा कुठे ना कुठे पोचतो.

आज बुधवारची घरसभा आहे, म्हणजे घरातच भरणारी ख्रिस्ती प्रार्थनासभा. कॅमेरा घेऊन आलो तेव्हा या घरच्या मावशींनी आधीच बजावलं : चेहरा दाखवायचा नाही, घर ओळखू येईल असं काही टिपायचं नाही. आम्ही कबूल झालो. मी स्वतः तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती आहे, याच शहरात वाढलोय, त्यामुळे कारण विचारायची गरज पडली नाही.

मावशींचा आज उपास आहे. मी म्हटलं, "मावशी, एवढ्या उन्हात उपास?"

त्या म्हणाल्या, "लढाईचं काम हाय हे. खाऊनपिऊन होतंय व्हय?"

लढाई. आत्मिक युद्ध. आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, हा शब्द रोजच्या वापरातला आहे. मुलाची दारू सुटत नाही, युद्ध. घराचा करार मालकाने मोडला, युद्ध. आणि गेली काही वर्षं, सभेच्या दारात पाच-सात पोरं मोबाइल उगारून उभी राहिली, तेही युद्धच. बाहेरच्या माणसाला हा शब्द ऐकून धडकी भरते. यांना कुणाशी लढायचंय, असं त्याला वाटतं. त्याचा प्रश्न रास्त आहे. तोच घेऊन आम्ही इथे आलो.

[दृश्य: उघडं पवित्र शास्त्र. पानाच्या कडा काळवंडलेल्या.]

पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, वाचतायत ते बायबलमधलं इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय. सत्याने कंबर कसायची. नीतिमत्त्वाचं उरस्त्राण. विश्वासाची ढाल. तारणाचं शिरस्त्राण. आणि पायांत शांतीच्या सुवार्तेची सिद्धता. इथे एकदोघांची नजर हळूच कॉटखाली गेली. मी पाहिली.

ही शस्त्रसामग्री लिहिणारा ख्रिस्ताचा प्रेषित पौल त्या वेळी कैदेत होता. पत्राच्या शेवटी तो स्वतःला बेड्यांतला वकील म्हणवतो. रोममध्ये त्याच्यावर पहाऱ्याला एक शिपाई असे, असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. म्हणजे कंबरपट्टा, ढाल, टोप ही यादी ज्याने लिहिली, त्याच्यासमोर हे सगळं अंगावर घातलेला माणूस दिवसरात्र बसलेला असणार. तो माणूस सत्तेचा नोकर होता, पौलाला हलू न देण्याचा त्याला पगार मिळत होता. आणि तरीही पौलाने लिहिलं की आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नव्हे, तर काळोखातल्या जगाच्या अधिपतींबरोबर आहे. समोरचा शिपाई रक्तामांसाचाच होता की! म्हणजे पौलाने त्याला शत्रूंच्या यादीतून काढून टाकलं, आणि त्याचा पट्टा, त्याची ढाल तेवढी उसनी घेतली.

आमच्या प्रवचनांमध्ये हे वाक्य फार भरभर वाचलं जातं, असं माझं मत आहे. ढाल-तलवारीवर अर्धा तास, आणि या ओळीवर एक मिनिट.

ज्या इफिस शहराला हे पत्र गेलं, तिथलीच एक हकीकत आहे. अर्तमी देवीचं भव्य मंदिर तिथे होतं. देवीचे चांदीचे देव्हारे घडवणारा देमेत्रिय नावाचा सोनार. पौलाच्या शिकवणीने आपला धंदा बसेल म्हणून त्याने कारागीर जमवले, आणि बोलताना धंद्याला देवीच्या अब्रूची जोड दिली. शहर पेटलं. नाट्यगृहात सुमारे दोन तास लोक देवीचा जयघोष करत राहिले. त्यातल्या बऱ्याच जणांना आपण कशाला जमलोय हेच माहीत नव्हतं, असं लिहिणारा लिहून गेलाय. शेवटी गर्दी पांगवली ती नगराच्या चिटणिसाने. तो काही ख्रिस्ती नव्हता. तो म्हणाला, तक्रार असेल तर न्यायसभा आहेत, तिकडे जा. हा असला दंगा अंगाशी येईल. पौलाच्या लोकांना त्या दिवशी वाचवलं ते एका सरकारी माणसाच्या व्यवहारज्ञानाने.

[दृश्य: चार हुतात्मा पुतळे. रहदारी.]

सोलापूरला सत्तेशी लढणं काय असतं ते शिकवावं लागत नाही. मे 1930 मध्ये इथे इंग्रजांनी लष्करी कायदा लावला. 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. लहानपणी मी या पुतळ्यांसमोरून शाळेत जायचो. एकदा एका पोराने विचारलं, "तुमच्यातला का न्हाई बे यात कोण? तुमी सायबाचेच ना?" मला उत्तर आलं नाही. मी त्याला ढकललं, एवढं आठवतंय.

त्याच्या बोलण्यातला खरा भाग आधी सांगायला हवा.

[दृश्य: सेटलमेंट भाग. गल्लीची पाटी.]

या भागाला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी काही जातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पारधी, कैकाडी, कंजारभाट. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, दिवसातून ठरल्या वेळी हजेरी, आणि कामाला इथल्या कापडगिरण्या. सोलापुरात हे काम काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होतं. हे मिशन 1860 च्या दशकात इथे आलं. त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, बालवाडी काढली. वोरोनोको हे शाळेचं नाव सोलापूरकर इतक्या सहज उच्चारतो की ते मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं नाव आहे हे त्याच्या गावीही नसतं. त्या शाळांमध्ये आमच्या आज्या अक्षर शिकल्या. ते ऋण आहेच. पण कुंपणाच्या फाटकाची किल्ली ज्यांच्या हातात होती, तेही प्रार्थना करणारेच लोक होते. त्यांना वाटलं, आपण माणसं सुधारतोय. पौल ज्यांना अधिपती म्हणतो, त्यांच्या खुर्चीशेजारी तेव्हा चर्चची खुर्ची मांडलेली होती, आणि उपासनेत कुणाला ती खटकली असेल तर त्याचा आवाज फार लांब गेला नाही. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला. विमुक्त लोक तो दिवस अजून पाळतात. आमच्या मंडळीत मी तो कधी पाळलेला पाहिला नाही.

आता खुर्ची हलली आहे. आता आम्ही हजेरीच्या रांगेत आहोत, अशी आमच्यातल्या अनेकांची भावना आहे.

[दृश्य: कागदपत्रांची फाइल. नावं झाकलेली.]

कायद्याचं बोलायचं तर संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्म पाळायचा, आचरायचा आणि प्रसार करायचा हक्क दिला. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. धर्मांतरावर बंधनं घालणारा ओडिशाचा कायदा 1967 चा, मध्य प्रदेशचा पहिला 1968 चा. अक्कलकोट ओलांडलं की लागणाऱ्या कर्नाटकाने 2022 मध्ये तसाच कायदा केला, पुढच्या वर्षी तिथल्या नव्या सरकारने तो मागे घ्यायचं ठरवलं. आपल्याकडे फेब्रुवारी 2025 मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली अशा कायद्याच्या अभ्यासाला समिती नेमली गेली. महाराष्ट्रात ख्रिस्ती शंभरात एकही भरत नाहीत. पण घरसभेत गाणं म्हणताना माणूस टक्केवारी आठवत नाही, त्याला गल्लीच्या तोंडाशी थांबलेली मोटारसायकल ऐकू येते.

यापेक्षा जुना एक कागद आहे, आणि माझ्या मते खरी लढाई तिथे आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. बाप्तिस्मा घेतला की जात कागदावरून जाते. गावच्या विहिरीवरून जात नाही. शिष्यवृत्ती जाते, राखीव जागा जाते, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कवच जातं. म्हणून कितीतरी घरांत दोन नावं असतात. दाखल्यावर एक, मंडळीत दुसरं.

बंद खिडकीच्या त्या खोलीत एक बावीस वर्षांचा मुलगा होता. "सत्याने कंबर कसा" हे वाक्य आलं तेव्हा तो खाली बघत होता. नंतर बाहेर चहा पिताना म्हणाला, "दादा, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना धर्माच्या रकान्यात पेन थांबतो. मोर्चा आला तर मी छाती काढून उभा राहीन. तो रकाना अवघड हाय."

मी त्याला काही सल्ला दिला नाही. माझ्या घरीही तशी एक फाइल आहे.

[दृश्य: सिद्धेश्वर तलाव, कमानी, पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबं.]

आत्मिक युद्धाच्या नावाखाली आमच्याकडे आणखी एक प्रकार सुरू झालाय, तो मला अजिबात पटत नाही. युट्यूबवरचे काही प्रचारक शहराशहरांचे 'गड' जाहीर करतात. अमुक मंदिर हा सैतानाचा गड, तमुक यात्रा म्हणजे दुरात्म्यांचा मेळा. मग आपले उत्साही लोक तेच इथे येऊन बोलतात. अरे, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसलो नाही असा सोलापुरी ख्रिस्ती मला दाखवा! नंदीध्वज धरणारा माझा वर्गमित्र आहे, माझे वडील गेले तेव्हा तिरडीला पहिला खांदा त्याचा होता. त्याच्या श्रद्धेला भूत म्हटलं की रक्तमांसाबरोबरचीच लढाई मागच्या दाराने घरात आली. आणि तो व्हिडिओ मग फिरतो, आणि त्याची किंमत भरतात मावशींसारखे लोक, ज्यांनी तो पाहिलेलाही नसतो.

मनाशी रात्रंदिवस झुंजायचं, ही कल्पना या जिल्ह्याला परकी नाही. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. कवी नारायण वामन टिळकांचा 10 फेब्रुवारी 1895 ला बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. नवरा बाटला म्हणून दुरावलेल्या लक्ष्मीबाई त्या काळात पंढरपुरात नातेवाइकांकडे राहत होत्या. समाजाने दोघांनाही सोडलं नाही. पुढे त्या आपल्या पायाने, आपल्या वेळेला ख्रिस्ती झाल्या. आणि ज्यांनी छळलं त्यांच्याबद्दल बोलताना त्यांना हसू फुटत असे. आमच्या परंपरेत हे हसू आहे. ते हल्ली कमी ऐकू येतं.

हसण्यापलीकडचे प्रसंगही असतात. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपले असताना जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, आणि बारीपद्याला कुष्ठरोग्यांचं काम पुढे काही वर्षं चालवलं. क्षमेमुळे खटला थांबला नाही. मुख्य आरोपीला जन्मठेप झाली, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. क्षमा त्यांच्याकडे, निवाडा कोर्टाकडे.

मावशींना मी हे विचारलं. दारात उभी राहणाऱ्या पोरांसाठी काय मागता?

"त्यातल्या एकाची आई माझ्यासंग कारखान्यात विड्या द्यायला येती," त्या म्हणाल्या. "त्याला नोकरी न्हाई. तीच मागती."

[दृश्य: पुन्हा खोली. ढोलकी थांबलेली.]

शेवटच्या प्रार्थनेला सगळे उभे होते तेव्हा दारावर थाप पडली.

ढोलकीवाल्याचा हात टॉवेलवर थांबला. पाळकांनी डोळे उघडले. कुणी पंखासुद्धा बंद केला, कशासाठी ते त्यालाच माहीत. पुन्हा थाप. मावशींनी कडी काढली.

शेजारच्या अक्का होत्या. कपाळावर मोठं कुंकू, कडेवर नातू. बुधवारी इथे काय चालतं ते अक्कांना पहिल्यापासून माहीत होतं. खिडकी बंद असते ती कुणासाठी, हा प्रश्न मला तेव्हा पडला.

"दोन दिस झालं, ताप उतरंना," अक्का म्हणाल्या. "जरा हात ठेवा की."

पाळक अडखळले. मला कळत होतं त्यांच्या डोक्यात काय चाललंय. आजारी पोर, हिंदू घर, प्रार्थना, आणि कोपऱ्यात कॅमेरा. शेजारच्या राज्यांच्या कायद्यांमध्ये प्रलोभनाची व्याख्या किती लांब पसरते ते त्यांनी वाचलेलं आहे. मी कॅमेरा खाली ठेवला.

मावशींनी पोराला घेतलं. कपाळाला हात लावून बघितला. "डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. औषध चालू हाय."

"मग ते बंद करायचं न्हाई." आणि मग त्यांनी डोळे मिटले.

प्रार्थना जेमतेम मिनिटभर चालली. पोर मध्येच रडलं. अक्का आमच्यातच दाटीवाटीने उभ्या होत्या, हात जोडून, स्वतःच्या पद्धतीने.

मी कॅमेरा उचलून दाराकडे गेलो. दार उघडंच राहिलं होतं. बाहेर पायरीवर चपलांचा एकच जोड होता, निळ्या पट्ट्यांचा. तो अक्कांचा.